आधी प्रश्न तरी कळू द्या!

मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट, म्हणजे सॉफ्टवेअरने नेमकं काय करायला हवं ते शोधून लिहून देणारी. आज परत तेच. नवीन प्रोजेक्ट कशासाठी काढलाय हे कुणाला धड सांगता येईना, पण टेम्प्लेट मेलमध्ये हजर. स्वॉट (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके), युज केस (वापरणारा सिस्टिममध्ये पायरीपायरीने काय करतो ते), मॉस्को (मस्ट, शुड, कुड, वोन्ट अशी प्राधान्याची वर्गवारी). 'मागच्या वेळी हेच होतं, भरून टाक.' अहो, मागचं काम वेगळं होतं! बॅबॉक या आमच्या क्षेत्राच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत ५० तंत्रं दिली आहेत. कामाचा प्रश्न काय ते बघून त्यातलं निवडायचं असतं. आमच्याकडे निवड कायमची झालेली आहे.

मागच्या वेळी काय झालं ते सांगते. रिफंड मंजुरीचे नियम लिहायचे होते. बिल आहे का, मुदतीत आहे का, वस्तू वापरलेली आहे का, रक्कम मर्यादेबाहेर आहे का. हो-नाहीच्या चार अटी म्हणजे १६ शक्यता. सरळसरळ डिसिजन टेबलचं, म्हणजे प्रत्येक शक्यतेपुढे तिचा निर्णय लिहिलेल्या तक्त्याचं काम, एका पानात संपलं असतं. मी तसं म्हटलंही. 'आपल्या फॉरमॅटमध्ये बसत नाही.' झालं, युज केस लिहिल्या, त्यात पाच फ्लो, म्हणजे पाचच शक्यता आल्या. उरलेल्या अकरांचं डेव्हलपरने आपल्या मनाने ठरवलं आणि यूएटीत, म्हणजे वापरणाऱ्यांनी करायच्या शेवटच्या चाचणीत, बोंब उठली. खापर कुणावर? 'रिक्वायरमेंट अपुरी होती.' माझ्यावर!

आणि ते वर्कशॉप! तीन दिवस १४ माणसं एका खोलीत. जी बाई रोज रिफंड करते, तिला बसवलं नेमकं तिच्या साहेबांशेजारी. काय बोलणार ती? शेवटी मीच एका दुपारी तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. तिसऱ्याच केसला तिने वेगळी एक्सेल उघडली. सिस्टिममध्ये 'इतर' टाकायचं, खरं कारण इथे लिहायचं, कारण यादीत ते कारणच नाही. दोन वर्षं चाललंय हे! आमच्या प्रोसेस मॅपवर त्या एक्सेलचा पत्ता नाही. तासाभरात कळलं. पण ऑब्झर्व्हेशन, म्हणजे असं शेजारी बसून काम बघणं, प्लॅनमध्ये घालू म्हटलं की 'तेवढा वेळ नाही.' १४ जणांचे तीन-तीन दिवस घालवायला बरा वेळ असतो!

मॉस्कोचं तर बोलायलाच नको. ओळीने सगळं 'मस्ट'. कशाला मग प्राधान्याचा कॉलम?

या वेळी मी ते टेम्प्लेट भरणार नाही. हे काम रोज कोण करतं त्याचं नाव मला द्या, आणि दोन दिवस द्या. मग सांगते कुठलं तंत्र लागेल ते.