रेमार्कविषयीची नाझी थाप आता मराठीत

‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या 1930 च्या हॉलिवूडपटाची ‘पडद्यामागची सत्ये’ सांगणारा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत आहे, आणि माझी भाची तो महाविद्यालयातील निबंधासाठी संदर्भ म्हणून वापरायला निघाली होती. त्यात चार दावे आहेत: मूळ कादंबरीचा लेखक एरिच मारिया रेमार्क पहिल्या महायुद्धात लढायला कधी गेलाच नव्हता आणि त्याचे खरे आडनाव क्रामर होते; लढाईची दृश्ये फ्रान्समधल्या खऱ्या रणभूमीवर चित्रित झाली; फुलपाखराकडे हात नेताना नायक मारला जातो, हा चित्रपटाचा शेवट कादंबरीतलाच असून त्यात दिसणारा हात दिग्दर्शकाचा आहे; आणि सत्तेवर येताच हिटलरने चित्रपटावर बंदी घातली.

पहिला दावा ही निव्वळ चूक नाही, तर नाझींनी चालवलेली बदनामी आहे, आणि ती आज मराठीत ‘माहिती’ म्हणून पुढे पाठवली जाते याची मला चीड येते. रोमन लिपीतले ‘रेमार्क’ उलटे वाचले की ‘क्रामर’ होते, एवढ्या आधारावर त्याला ज्यू आणि तोतया ठरवण्यात आले. तो ज्यू असता, तरी कादंबरी खोटी कशी ठरली असती? प्रत्यक्षात 1898 मध्ये ओस्नाब्रुक येथे एका कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या या लेखकाचे आडनाव जन्मापासून रेमार्कच होते. पुढे त्याने पूर्वजांचे फ्रेंच वळणाचे स्पेलिंग स्वीकारले, इतकेच. त्याच्या लष्करी सेवेचा तपशीलही उपलब्ध आहे: नोव्हेंबर 1916 मध्ये सक्तीची भरती, जून 1917 मध्ये पश्चिम आघाडी, 31 जुलै 1917 रोजी तोफगोळ्याच्या तुकड्यांनी झालेल्या जखमा आणि त्यानंतर डुइसबर्गच्या लष्करी रुग्णालयात दीर्घ उपचार. आघाडीवर तो काही आठवडेच होता आणि कादंबरीतले सारे काही त्याने स्वतः भोगलेले नव्हते, हे मला मान्य करावे लागते; पण म्हणून ‘कधी गेलाच नव्हता’ असे म्हणता येत नाही. ज्यांनी ही थाप पसरवली, त्यांच्याच राजवटीने 1933 मध्ये त्याची पुस्तके जाळली, 1938 मध्ये त्याचे नागरिकत्व काढून घेतले आणि दुसरे महायुद्ध हरल्यातच जमा आहे असे बोलल्याबद्दल त्याची बहीण एल्फ्रीडे हिचा डिसेंबर 1943 मध्ये शिरच्छेद केला.

रणभूमीचा दावा तर फार वेळ देण्याच्या लायकीचाही नाही. चित्रीकरण कॅलिफोर्नियात झाले, युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आणि अर्व्हाइन रँचच्या मोकळ्या जमिनीवर खंदक खोदून. तिकडे स्थायिक झालेले माजी जर्मन सैनिक त्यासाठी मदतीला घेतले होते. फुलपाखराकडे झेपावणारा हात दिग्दर्शक लुईस माइलस्टोन याचा आहे, हे मात्र खरे. पण कादंबरीच्या शेवटी फुलपाखरू नाही; तिथे ऑक्टोबर 1918 मधल्या एका शांत दिवशी आलेला नायकाचा मृत्यू दोन लहानशा परिच्छेदांत सांगितला आहे.

राहिली बंदी. डिसेंबर 1930 च्या आरंभी बर्लिनमध्ये चित्रपट लागताच नाझी नेता गोबेल्स याच्या माणसांनी चित्रपटगृहात दुर्गंधीचे बॉम्ब फोडले, पांढरे उंदीर सोडले, आणि 11 डिसेंबरला जर्मनीच्या वरिष्ठ चित्रपट परीक्षण मंडळाने प्रदर्शन थांबवले. हिटलर चॅन्सेलर झाला तो जानेवारी 1933 मध्ये. म्हणजे ही पहिली बंदी नाझींपूर्वीच्या जर्मन प्रजासत्ताकाच्याच मंडळाने, रस्त्यावरच्या दंगलखोरांपुढे नमून घातली होती. काटछाट केलेल्या आवृत्तीला 1931 मध्ये परवानगी मिळाली आणि नाझी सत्तेवर आल्यानंतर तीही गेली.