नीट जळायचं कसं

जळायचंच असेल तर नीट जळा राव. कुणाच्या तरी नव्या गाडीचा फोटो बघून तोंड वाकडं करणं हे बालवाडीचं काम झालं. सोव्हिएत लेखक युरी ओलेशाची १९२७ सालची 'मत्सर' कादंबरी उघडा, त्यात मॉस्कोतला निकोलाय कावालेरोव भेटेल, वय २७, त्याची शिकवणी लावा.

सगळ्यात आधी, ज्याच्यावर जळायचंय त्याचे उपकार घ्या, चांगले भरपूर घ्या. कावालेरोवला बिअरबारमधून हाकललेलं, गडी रस्त्यावर पडलेला, तिथून आंद्रेइ बाबिचेवने उचलून घरी आणला आणि आपल्या सोफ्यावर झोपवला. बाबिचेव म्हणजे सरकारी खाद्य ट्रस्टचा डायरेक्टर, मोठं प्रस्थ. साधा माणूस असता तर आभार मानून गप पडला असता, पण तुम्ही कलावंत ना! तुम्ही सोफ्यावर पडल्या पडल्या कान लावायचा आणि टिपून ठेवायचं की हा बाबा सकाळी संडासात गातो. कादंबरी सुरूच तिथून होते. खाल्ल्या मिठाला जागायचं नाही, मीठ कमी होतं म्हणायचं.

आणि हेवा करायला विषय भव्य पाहिजे असं काही नाही हं. बाबिचेव बायकांना चुलीपासून सोडवायला अवाढव्य भोजनालय बांधतोय, 'चेतवेर्ताक', म्हणजे पाव रुबल, २५ कोपेकात जेवण. पण त्याला खरा आनंद कशाचा, तर ७० टक्के वासराचं मांस असलेल्या नव्या सॉसेजचा! त्या सॉसेजचं पुडकं पोचवायचं काम कावालेरोवच्या गळ्यात पडतं आणि तो ते हातात धरून गावभर जळत फिरतो. ह्याला साधना म्हणतात.

स्वतः काही करायच्या फंदात पडू नका. फर्निचर आपल्याला पाय आडवा घालतं, वस्तूंचंच आपल्यावर प्रेम नाही, असं म्हणत राहा. फारच उकळलं तर लांबलचक शिव्यांचं पत्र लिहा. कावालेरोवने बाबिचेवला लिहिलं, मग ऐनवेळी घाबरून टेबलावरून उचलून पळाला, तर उचललेलं पत्र वोलोद्याचं निघालं, ह्याचं तिथंच राहिलं. वोलोद्या म्हणजे बाबिचेवचा लाडका फुटबॉलवाला, आणि त्याच्या पत्रात काय, तर त्याला मशीनचा हेवा वाटतो. बघा, नव्या जगातही आपलं खातं बंद नाही पडलं, नुसती ब्रँच बदलली.

लोक क्षुद्र म्हणतील, म्हणू देत. १९३४ च्या सोव्हिएत लेखक परिषदेत ओलेशानेच सांगितलं की कावालेरोव माझ्याच डोळ्यांनी जग बघतो आणि त्याला दिलेल्या शिव्या मला लागल्या. अहो लागणारच, पुस्तकातली सगळ्यात देखणी वाक्यं त्या फुकट्यालाच दिलीयत, डायरेक्टरच्या वाट्याला सॉसेज.

आता बक्षीस. बाबिचेवचा भाऊ इव्हान, उशी घेऊन हिंडणारा, जुन्या भावनांचं बंड करायला निघालेला, तोच शेवटी म्हणतो की बेफिकिरी सगळ्यात बरी, चला पिऊया. कशाच्या खुशीत? तर विधवा आनेच्काच्या अवाढव्य पलंगावर आज झोपायची पाळी कावालेरोवची.

उद्या परत इव्हानची असणार बहुतेक.