तिसरीचं कोडिंग आधी फरशीवर होऊ द्या

जून जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते, "दुसरीतल्या मुलासाठी कोडिंगचा चांगला क्लास कुठला?" मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हा प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो. शनिवारी मी महापालिकेच्या एका शाळेत तिसरीच्या मुलांबरोबर कोडिंगच करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलांना लहान वयात कोडिंगची ओळख व्हावी, असं मला मनापासून वाटतं. पण ती वर्गात व्हावी, त्यांच्या रोजच्या बाईंकडून, मराठीत, आणि चौथीपर्यंत बहुतेक कॉम्प्युटरशिवाय.

आमच्या वर्गात शहाबादी फरशी आहे. एका फरशीवर डबा ठेवायचा, एका मुलाने रोबो व्हायचं आणि बाकीच्यांनी फळ्यावर सूचना लिहायच्या. रोबोने स्वतःचं डोकं चालवायचं नाही, एवढाच नियम. मागे एकदा मुलांनी लिहिलं, "उजवीकडे जा. तीन फरश्या पुढे." रोबो तोंड न वळवता बाजूला सरकला आणि तीन फरश्या पुढे जाऊन भिंतीला टेकला. डबा राहिला भलतीकडेच! वर्गात नुसता गोंधळ. निम्मी मुलं म्हणाली रोबो चुकला, निम्मी म्हणाली सूचना चुकली. बाईंनी एवढंच विचारलं, "फळ्यावर लिहिलंय त्यातलं त्याने काय केलं नाही?" थोडा वेळ सगळे गप्प. मग "उजवीकडे जा" पुसून "जागेवर उजवीकडे वळ" आलं. पुढच्या डावात "पुढे, पुढे, पुढे, पुढे" लिहायचा कंटाळा आल्यावर एकाने आपणहून सुचवलं, "चार वेळा पुढे लिहू या ना ताई." प्रोग्रॅमिंगमध्ये आम्ही ज्याला लूप म्हणतो, ते हेच.

गणिताच्या वहीत उत्तर चुकलं की लाल फुली बसते आणि विषय संपतो. इथे चूक झाली की ती नेमकी कुठल्या ओळीत आहे, ते शोधायला वर्ग सरसावतो. गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. स्वतःची चूक शोधून दुरुस्त करणं हेच शिकणं, यावर पेपर्ट यांचा फार भर होता. लोगोमध्ये स्क्रीनवरचं एक कासव सूचनेप्रमाणे पुढे जातं, वळतं आणि मागे रेघ काढत जातं. मुलांना त्याच्याकडून समभुज त्रिकोण काढून घ्यायला सांगा. मुलं हमखास 60 अंश देतात, कारण पुस्तकात त्रिकोणाचा कोन 60 असतो. पण कासवाला वळायचं असतं बाहेरच्या कोनातून, 120 अंशांत. आकृती बिघडते आणि बाह्यकोन म्हणजे काय, ते तिथेच कळतं. हा पाचवी-सहावीचा आनंद आहे, त्याची घाई कशाला?

स्क्रीनवर यायचंच असेल, तर पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनिअर हे कोडिंगचं ॲप आहे. त्यात चित्रांचे ठोकळे जोडायचे असतात, वाचता यावं लागत नाही. आठ वर्षांपुढच्यांसाठी स्क्रॅच आहे, 2007 पासून. दोन्ही फुकट. तरीही ओळखीच्या एका कुटुंबाने कोडिंगच्या क्लासची वर्षभराची फी आगाऊ भरली. मुलाने केलेला गेम मला दाखवला. मी विचारलं, "हा ठोकळा काढला तर काय होईल?" त्याला सांगता येईना. समोरच्या स्क्रीनवर दिसलं, ते त्याने जसंच्या तसं लावलं होतं. यात मुलाचा काही दोष नाही, आणि आई-वडिलांच्या काळजीचा असा धंदा व्हावा याचा मला खरंच राग येतो.

2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा कोडिंग माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत सांगतं. पहिलीतलं मूल कुठेही मागे पडलेलं नाही.

अडचण शिक्षकांच्या वेळेची आहे. ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, यातून उरलेल्या वेळात नवीन विषय कसा शिकणार? त्यांना प्रशिक्षण हवं, तेही शाळेच्या वेळेत. आणि ज्या शहरात इतके इंजिनिअर राहतात, तिथे शाळेला मदतीचा हात मिळू नये?

पुण्यातल्या कुठल्याही प्राथमिक शिक्षकांना फरशीवरच्या या खेळांचे मराठी कागद हवे असतील, तर कमेंटमध्ये शाळेचा भाग लिहा, मी पाठवते. शनिवारी सकाळी वेळ देऊ शकणाऱ्यांनीही लिहा. येरवडा आणि हडपसरकडच्या शाळांसाठी माणसं कमी पडताहेत.