‘इतर पेशंटांमध्ये बसू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे हिपॅटायटिस सी या विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराबद्दलचा एक लांबलचक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. ‘डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ असा मथळा आणि खाली पाच मुद्दे. हा आजार कधीच बरा होत नाही, गोळ्यांनी फक्त दबतो. गोळ्यांनी यकृत जळतं, केस जातात, माणूस भ्रमिष्ट होतो. रुग्णाचं ताट-वाटी, टॉवेल, अंथरूण वेगळं ठेवा. गुळवेल, भुईआवळा आणि पुनर्नवेचा काढा चाळीस दिवस घ्या, विषाणू मुळासकट जातो. आणि शेवटचा मुद्दा : या आजाराच्या रुग्णांच्या गटांत, बैठकांत अजिबात जाऊ नका, तिथे एकमेकांचे विषाणू लागतात, मन खचतं, शिवाय हे गट औषध कंपन्यांचे दलाल चालवतात. आजार कुणाला सांगूही नका.

असले मेसेज एरवी मी न वाचता पुसते. हा मात्र आमच्या आजोळच्या ग्रुपवर मावसभावाने टाकला, आणि तिथे माझे मामा आहेत. त्यांची हिपॅटायटिस सीची गोळी चालू आहे. दोन दिवसांत मामींनी त्यांचं ताट वेगळं काढलं. पुढच्या खेपेला मामा रुग्णालयात गेले, गोळ्यांची बाटली घेतली आणि कुणाशी न बोलता घरी परतले. म्हणून सुरुवात पाचव्या मुद्द्यापासून करते. सर्वांत मोठं नुकसान त्यानेच केलंय.

मामांना रक्त चढवलं होतं ते एका अपघातानंतर, नव्वदच्या दशकात. आपल्याकडे रक्तपेढ्यांना हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. हा विषाणू मुळात ओळखला गेला तोच १९८९ मध्ये. त्याआधी आणि त्यानंतरची काही वर्षं किती जणांच्या अंगात तो रक्ताच्या पिशवीतून गेला असेल, याचा हिशेब कोण मांडणार? हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसतो. मामांच्या बाबतीत तो कळला पोटात पाणी झाल्यावर, म्हणजे सिरॉसिस (यकृत व्रण पडून कडक होणं) बराच पुढे गेल्यावर. अशा रुग्णाला सहसा सोफोसबुविर-वेलपाटासविरच्या गोळीबरोबर रिबाविरिन हे आणखी एक औषध देतात आणि उपचार बारा आठवड्यांत आटोपतात. पण रिबाविरिनने हिमोग्लोबिन उतरतं, आणि मामांचं आधीच कमी. त्यामुळे त्यांना रिबाविरिनशिवाय चोवीस आठवडे. जवळजवळ सहा महिने. पायाला सूज, मीठ बंद, रात्री झोप नाही, आणि घरात सगळे विचारणार, “आता बरं वाटतंय ना?”

या काळात त्यांना धरून ठेवलं ते रुग्णालयाच्या कँटीनबाहेरच्या कट्ट्याने. बाटली अठ्ठावीस गोळ्यांची असते, त्यामुळे दर चार आठवड्यांनी तेच चेहरे भेटतात. एक निवृत्त एसटी कंडक्टर. थॅलेसेमियाच्या, म्हणजे वरचेवर रक्त चढवावं लागणाऱ्या मुलाला घेऊन येणारी एक आई. डायलिसिसवर असलेले एक शिक्षक. पूर्वी सुईने नशा करणारा आणि आता ती सोडलेला एक तरुण, ज्याच्याशी मामा एरवी रस्त्यात बोललेही नसते. या मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. चहा घ्यायचा आणि एकमेकांना विचारायचं.

काय विचारतात? मामा कित्येक वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेतात. आपल्याकडे निम्मी म्हातारी माणसं घेतात, आणि ती ‘औषध’ आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी “आणखी कोणती औषधं घेता?” विचारल्यावर मामा म्हणाले, “काही नाही.” कट्ट्यावर मात्र पहिल्याच महिन्यात त्यांनी खिशातून ती पट्टी काढली, आणि कंडक्टरकाकांनी हात धरला. पोटातलं आम्ल कमी झालं की वेलपाटासविर नीट शोषलं जात नाही, हे त्यांना त्यांच्या स्वतःच्या उपचारात कळलेलं. त्यांनी गोळी बंद करायला सांगितली नाही. “आत जा आणि पट्टी दाखवून विचारून या,” एवढंच म्हणाले. मामा गेले. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. चोवीस आठवड्यांचं औषध पोटात जाऊनही अर्धवट लागू पडलं असतं, ते त्या एका वाक्याने टळलं. हे काम मी करू शकले नसते, मामी करू शकल्या नसत्या. स्वतः त्या वाटेने गेलेला माणूसच हे करतो.

आता म्हणे तिथे ‘एकमेकांचे विषाणू लागतात’. कसे? हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. दुसऱ्याने वापरलेली सुई, नीट निर्जंतुक न केलेली उपकरणं, गोंदवण्याची सुई, वस्तरा, ही त्याची वाट. शेजारी बसून, हात हातात घेऊन, एका बशीतला वडा खाऊन तो जात नाही. मेसेज लिहिणाऱ्याने विषाणू म्हणजे नेमकं काय कल्पिलंय, देव जाणे. पण ही ओळ वाचून एक आजारी माणूस त्याला समजून घेणाऱ्या माणसांपासून उठून गेला. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

‘मन खचतं’ यात मात्र अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. सिरॉसिसच्या रुग्णांमध्ये वाईट बातमी येते. विषाणू गेल्यानंतरही अशा यकृतात कॅन्सरचा धोका राहतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. कट्ट्यावरचं एखादं माणूस पुढच्या महिन्यात दिसत नाही, त्या दिवशी मामा घरी येऊन जेवत नाहीत. पण त्याच कट्ट्यावर बरे झालेले लोकही येऊन बसतात. ‘आजार कुणाला सांगू नका’ हे ऐकून घरात कोंडून घेतलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही, त्याच्या वाट्याला नुसती भीती येते. आणि हो, कट्ट्यावर चुकीचे सल्लेही मिळतात. एकाने मामांना ‘पाणी उतरलं की गोळी सोडली तरी चालते’ असं सांगितलं होतं. तिथे बसलेल्या इतरांनीच त्याला गप्प केलं.

बरं, ही काही कट्ट्यावरच्या लोकांची हौस नाही. केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. तपासणी आणि औषध मोफत मिळतं ते त्यातूनच. त्या कार्यक्रमाच्या आखणीतच उपचार केंद्रावर डॉक्टर आणि औषध देणाऱ्याबरोबर ‘पिअर सपोर्टर’ धरलेला आहे, म्हणजे रुग्णांना उपचारात टिकवून ठेवण्यासाठी त्यांच्यातलाच एक माणूस. ज्या गोष्टीसाठी सरकार पद ठेवतं, तिच्यापासून हा मेसेज लोकांना पळवून लावतोय.

राहिला ‘कंपन्यांचे दलाल’ हा आरोप. याचं उत्तर इतिहासातच आहे. मामांच्या गोळीतलं सोफोसबुविर अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झालं, तेव्हा बारा आठवड्यांच्या कोर्सची किंमत होती ८४ हजार डॉलर. एका गोळीला हजार डॉलर. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि २०१५ मध्ये ते आपल्याकडे त्या किमतीच्या अगदी छोट्या अंशाला मिळू लागलं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा ग्रेग जेफरीज नावाचा रुग्ण तेव्हा चेन्नईला आला, सुमारे नऊशे डॉलरमध्ये आपला कोर्स घेऊन गेला, बरा झाला, आणि मग जगभरच्या रुग्णांना भारतातून हे औषध कसं मिळवायचं ते सांगत राहिला. आपापल्या देशात ते परवडत नसलेले कितीतरी लोक असे रुग्णांनी रुग्णांना सांगून बरे झाले. मूळ कंपनीच्या किमतीला वळसा घालायला मदत केली ती रुग्णांच्या एकमेकांशी बोलण्यानेच. दलाल असे असतात?

आता बाकीचे मुद्दे. त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही.

ताट-वाटी. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की हा विषाणू अन्नातून, पाण्यातून, आईच्या दुधातून, मिठी मारल्याने किंवा एकत्र खाण्यापिण्याने पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश, कारण त्यांना रक्त लागू शकतं. मामींना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं पण डायलिसिसला यांच्यासारख्यांचं मशीनसुद्धा वेगळं ठेवतात ना?” काही ठिकाणी ठेवतात. तिथे माणसाचं सगळं रक्त नळीतून बाहेर येतं, मामी. आमटीच्या वाटीत येत नाही.

काढा. हिपॅटायटिस ए आणि ई, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ, बहुतेकांची आपोआप बरी होते. म्हणून गावोगाव कावीळ ‘उतरवणारे’ टिकून आहेत : कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावून पाणी पिवळं झालेलं दाखवतं, कुणी नाकात थेंब सोडतं. बरं होणार असतो तो माणूस होतोच, श्रेय मात्र काढ्याला. हिपॅटायटिस सीमध्येही साधारण तीस टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपणहून जातो, तेवढ्यापुरती ‘काढ्याने बरा झालो’ म्हणणाऱ्यांची गोष्ट खोटी नसेलही, काढ्याचा संबंध मात्र खोटा. ज्याच्या अंगात तो कित्येक वर्षं मुरलाय, त्याच्या बाबतीत वाट बघणं म्हणजे यकृत घालवणं. आणि गुळवेल निरुपद्रवी आहे या भरवशावर कुणी राहू नये. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा; पोटात पाणी झालेल्या माझ्या मामांवर त्याचा प्रयोग नको.

गोळ्यांनी वेड लागतं. हे कुठून आलं ते मला माहीत आहे. पूर्वी हिपॅटायटिस सीला इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत, दर आठवड्याला एक, कित्येकांना अठ्ठेचाळीस आठवडे. ताप, केस गळणं, टोकाचं नैराश्य, हे सगळं खरं होतं. आमच्या कट्ट्यावरच्या कंडक्टरकाकांनी ती अर्ध्यात सोडली होती. त्या दिवसांत भिंतीकडे तोंड करून पडून असायचो, असं ते सांगतात. पुढे ते बरे झाले ते गोळ्यांनीच. आजच्या गोळ्या ते औषध नाहीत. डोकेदुखी, थकवा, थोडी मळमळ, बहुतेकांना एवढंच. एक खरा धोका आहे आणि तो मेसेजवाल्याला माहीतच नाही : ज्याला हिपॅटायटिस बी-सुद्धा आहे, त्याचा बी या गोळ्यांच्या काळात उसळू शकतो. म्हणून सुरू करण्याआधी बीची तपासणी करतात. तुमची झाली नसेल तर मागा.

आणि ‘कधीच बरा होत नाही’. पंजाब सरकारने २०१६ मध्ये मोफत उपचार सुरू केले, जिल्हा रुग्णालयांतून, भारतात बनलेल्या अशाच गोळ्यांनी. त्यातल्या ४८ हजारांहून जास्त रुग्णांचा हिशेब २०१९ मध्ये यकृतविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला : नव्वद टक्क्यांहून अधिक लोक बरे. काचेच्या मोठ्या इस्पितळातले निवडक रुग्ण नव्हेत. जिल्ह्याच्या ठिकाणी रांगेत उभे राहिलेले साधे लोक, त्यात सिरॉसिसवालेही. ‘दबतो’ म्हणणाऱ्याने या एका आकड्याला उत्तर द्यावं, मग पुढचं बोलू.

मेसेजमध्ये पुरावा म्हणून लिहिलंय की बरे झालेल्यांचीही टेस्ट पॉझिटिव्हच येते. येते, बरोबर आहे. ती अँटीबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची टेस्ट असते, आणि विषाणू गेल्यावरही अँटीबॉडी वर्षानुवर्षं, बहुतेकदा जन्मभर राहतात. बरा झाला की नाही हे ठरतं विषाणूच्या आरएनएच्या, म्हणजे रक्तात खुद्द विषाणू आहे का हे बघणाऱ्या तपासणीवर, शेवटची गोळी घेतल्यानंतर बारा आठवड्यांनी. तो रिपोर्ट ‘आढळला नाही’ असा आला की विषाणू संपला. मामांचीही ती तपासणी व्हायची आहे, आणि ती तारीख येईपर्यंत दर चार आठवड्यांनी त्यांना कट्ट्यावर सोडायला मी स्वतः जाणार आहे. तुमच्या घरी कुणी बरं झालं असेल तर आरएनएचा रिपोर्ट फाइलमध्ये वरच ठेवा. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन असो की दात काढणं, अँटीबॉडीची पट्टी पुन्हा पॉझिटिव्ह दाखवेल, तेव्हा तो काढून दाखवायचा.