वैभववाडीची रात्र आणि पावसाळी वेळापत्रक

भांडुपच्या आमच्या कट्ट्यावर निम्मे लोक सिंधुदुर्गातले, त्यामुळे जून उजाडला की विषय ठरलेला. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, म्हणजे पावसात गाड्या हळू चालवायच्या. काल बंड्याने तोंड फोडलं. "वंदे भारत एरवी आठ तासांच्या आत मडगावला टेकते, पावसात दहा तास. मग ती वंदे भारत कसली?"

तात्या तंबाखू मळत होते. हात थांबला. "उगाच बडबडू नको. तुका काय म्हायत आसा? 22 जून 2003 आठवता?"

बंड्या तेव्हा पाचवीत होता. रविवारची रात्र. कारवारहून मुंबईकडे निघालेली हॉलिडे स्पेशल वैभववाडीजवळ कटिंगमधून, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेतून, येत होती. पावसाने दरड सुटून रुळांवर धोंडे आले होते. इंजिन त्यांना धडकलं, पुढचे डबे घसरले. पन्नासच्या वर माणसं गेली. सुट्टीची जादा गाडी ती, त्यात घरचीच माणसं असणार. तात्या एवढंच म्हणाले, "सकाळी चाळीत रेडिओभोवती सगळे उभे होते. कोणाचं कोण त्या गाडीत आहे ते कोणालाच कळत नव्हतं."

"वर्षही पुरतं सरलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "16 जून 2004. मत्स्यगंधा एक्सप्रेस. महाडजवळ करंजाडीला पुन्हा तेच, रुळावर दगड, आणि डबे पुलावरून खाली. या दोन अपघातांनंतर कुठे वेग उतरवला."

इथे बंड्या पेटला, आणि मला त्याचं म्हणणं पटतं, म्हणून ते नीट लिहितो. तो म्हणाला, "म्हणजे माणसं मरेपर्यंत थांबले. 1998 साली 741 किलोमीटरचा मार्ग सुरू केला तेव्हा डोंगर दिसत नव्हते का? मातीत अडकलेले धोंडे पाऊस पडला की सुटतात, हे आमच्या आजीलाही माहीत होतं. गाडी हळू चालवायला पैसे लागत नाहीत. डोंगर सावरायला लागतात."

"तेही केलंय," मास्तर म्हणाले. कटिंगचे उतार कमी केले, सुटे दगड काढले, जाळ्या मारल्या. पावसाळ्यात सहाशेच्या वर माणसं रुळावर गस्त घालतात. मुसळधार पावसात समोरचं दिसत नसेल तर ताशी 40 च्या वर जायचं नाही, असा लोको पायलटला हुकूम आहे. सावित्री, वाशिष्ठीच्या पुलांवर पाणी वाढलं की इशारा देणारी यंत्रं आहेत, रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलावर वारा मोजतात.

"आणि तरी?" बंड्या म्हणाला. "2021 च्या जूनमध्ये करबुड्याच्या बोगद्यात राजधानी दगडाला लागून घसरलीच ना?"

"घसरली. पण मेलं कोणी?"

कट्टा गप्प झाला. कोणाला इजा झाली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागे 2024 च्या जुलैत खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली, तेव्हा वाहतूक जवळपास दिवसभर बंद होती. आम्ही तेव्हा शिव्याच घातल्या होत्या. मीही घातल्या होत्या.

मग कोणीतरी "शेवटी निसर्गाचा कोप" म्हणालं आणि मास्तर चिडले. त्यांना हा शब्द खपत नाही. रेल्वे कायद्याचं कलम 124 सांगतं की गाडी घसरून माणूस गेला तर चूक रेल्वेची होती की नव्हती हे न बघता भरपाई द्यायची. "कायदासुद्धा पावसाकडे बोट दाखवू देत नाही, मग आपण कशाला दाखवायचं?" भरपाईची रक्कम 2017 पासून चाराची आठ लाख झाली. त्यावर तात्या म्हणाले, आठ लाखांत पोरगी परत येत नाही. कोणाची पोरगी, ते आम्ही विचारलं नाही.

मला यात एकच सलतं. त्या रात्री गेलेल्यांमुळे आज आपली गाडी हळू धावते आणि आपण घड्याळ बघत तिला नावं ठेवतो. भाद्रपदात गणपतीला निघताना, तीही पावसाळ्यातलीच गाडी, आपण बाप्पाचं नाव घेतो. त्या माणसांचं घेत नाही. आमच्या कट्ट्यावर त्यांतलं एक नावही कोणाला सांगता आलं नाही.

बंड्या मात्र शेवटपर्यंत अडून राहिला. गाडी उशिरा येवो, हरकत नाही, पण यंदा डोंगरांवर किती पैसा लावला ते माहितीच्या अधिकारात विचारणार, असं म्हणाला. मास्तरांनी लगेच अर्ज लिहून द्यायचं कबूल केलं. तात्यांनी फक्त विचारलं, "तुझी गाडी कधीची?"

"शुक्रवार रात्रीची."

"वैभववाडी येईल तेव्हा जागा राहा."