चिमणीचं घर मेणाचं नसतं

लहानपणी ऐकलं होतं, पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं आणि चिमणीचं मेणाचं राहिलं. ज्यानं ही गोष्ट रचली त्याची चिमणी गिरगावात नसणार.

आमची इमारत जुनी, चुन्याच्या बांधणीची. आम्ही शेवटच्या मजल्यावर. स्वयंपाकघरात कोळशाच्या शेगडीच्या काळातलं धुराडं आहे, त्याला आम्ही चिमणी म्हणतो. शेगडी गेली, स्टोव्ह गेला, गॅस आला. चिमणी मात्र पागडीच्या भाडेकरूसारखी ठाण मांडून.

जूनमध्ये तिच्याभोवती ओल उमटली. आधी पुरीएवढी, मग भाकरीएवढी. पोपडे फोडणीत पडायला लागले तेव्हा विषय गंभीर झाला.

प्लंबर म्हणाला, "वरच्या ब्लॉकमधून लिकेज आहे." वर गच्ची आहे म्हटल्यावर, "मग खालून असेल." खालचे काका म्हणाले, "वाफ हो ती! सकाळी सात-सात शिट्ट्या काढता." आमच्या शिट्ट्यांचा हिशेब ते ठेवतात, हे तेव्हा कळलं.

मी पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा भिंतीवर लावून चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. बाहेरून ओला झाला तर खोलीतली वाफ, भिंतीकडून झाला तर मुरलेलं पाणी. (ओल्या भिंतीला चिकटपट्टी चिकटत नाही. अर्धी रात्र मी ती तळहातानं दाबून उभा होतो.) दोन दिवसांनी बाहेरून कोरडा, मागून थबथबलेला! पुरावा घेऊन काकांकडे गेलो. "तरी शिट्ट्या कमी करा," ते म्हणाले.

शेवटी एक म्हातारे मिस्त्री आले. डागाकडे बघितलंसुद्धा नाही, थेट गच्चीवर. चिमणीच्या बुडाशी कुणीतरी कधीकाळी ओतलेलं डांबर उन्हानं तडकलं होतं. ते थापीनं उचकटत म्हणाले, "वाटा गेलाय, साहेब." गच्ची आणि चिमणीची भिंत मिळते तिथला उतरता, गोलसर गिलावा म्हणजे वाटा, तो फुटला की पाणी कोपऱ्यातच बसतं. आमच्या फटीत रुपयाचं नाणं जात होतं आणि पिंपळाला चार पानं फुटली होती. त्यांनी तिथं हळूहळू बादली ओतली, मी खाली डोळे लावून बसलो. वीस मिनिटांनी भिंतीला पाझर फुटला आणि मी "आलं, आलं!" असा ओरडलो, की नळाला पाणी आलं समजून शेजारीण हंडा घेऊन धावली.

ऑगस्टात तीन दिवस उघडीप मिळाली. पिंपळ मुळासकट काढला, नवा वाटा केला, चिमणीच्या तोंडावर चार विटांच्या आधारानं लादी ठेवली. पूर्ण का बुजवत नाही, विचारलं. "वारा खेळला पाहिजे. कोंडलं की आतून घाम धरतं."

भिंत रंगवली. कोरड्या ऑक्टोबरात तांबूस डाग परत! मिस्त्री शांतपणे म्हणाले, "कोळशाचा धूर विटांत मुरलाय. त्यातले क्षार हवेतला दमटपणा ओढतात. गिलावा खरवडा, भिंत सुकू द्या, मग चुन्याचा करू. सिमेंट लावाल तर ओल आत कोंडेल."

सध्या स्वयंपाकघरात नुसत्या विटा दिसतात. परवा काका वर आले, चष्मा सावरून निरखत म्हणाले, "वा! विटांची डिझाइन का? कुणाकडून करून घेतलीत?"