डिग्री कुठल्या वॉर्डातून आली ते विचारा

भूल देणाऱ्या डॉक्टरची पाटी पेशंट कधी वाचत नाही. तो येतो सर्जनचं नाव ऐकून, आमची गाठ पडते ती थेट टेबलावर. त्यामुळे ‘कागद मोठा की अनुभव’ हा वाद निघाला की आम्हा भूलवाल्यांना जरा जास्तच बोलावंसं वाटतं. मी डी.ए. आहे, म्हणजे एमबीबीएसनंतर भूलशास्त्राचा दोन वर्षांचा डिप्लोमा. (महागाई भत्त्यावरचे सगळे विनोद ऐकून झालेत. नवीन असेल तरच कमेंटमध्ये टाका.)

विषय निघाला भाच्यामुळे. त्याची इंटर्नशिप संपत आलीय. परवा फोनवर म्हणाला, “आत्या, खासगी कॉलेजात एमडीची तीन वर्षांची डिग्री मिळत असेल आणि जिल्हा रुग्णालयात दोन वर्षांचा डिप्लोमा, तर डिप्लोमा घेणं म्हणजे वेडेपणा ना?” मी त्याला उलट विचारलं, “इंटर्नशिपमध्ये किती बाळंतपणं केलीस?” साहेब गप्प. लेबर रूमच्या पोस्टिंगला सही करून हा लायब्ररीत एमसीक्यू सोडवत बसायचा. त्याला तरी काय बोलणार? पुढच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा म्हणजे नीट पीजी, त्यात २०० प्रश्न, साडेतीन तास, चुकलं की मार्क कापले जातात. त्यात टाका घालता येतो का, सलाईन लावता येतं का, हे कोण विचारतंय? जे वर्ष हात बसण्यासाठी ठेवलंय तेच वर्ष परीक्षा खाऊन टाकते आणि मग आपण म्हणतो, हल्लीच्या पोरांना काही येत नाही.

आता हात बसणं म्हणजे काय ते सांगते. सीझरची बाई टेबलावर आहे, कळा चालू आहेत, नऊ महिन्यांचं पोट मध्ये येतंय म्हणून तिला वाकता येत नाही. “ताई, हनुवटी छातीला लावा, पाठ माझ्याकडे बाहेर काढा” असं दहादा सांगायचं. मग पाठीतून भूल द्यायला कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधली फट बोटाने चाचपायची. पायांवर सूज, पाठीवर चरबी, मणका लागतच नाही. २५ नंबरची सुई पुढे सरकताना एका क्षणी बोटांना हलकंसं ‘टक्’ जाणवतं आणि मागून मज्जारज्जूभोवतालच्या द्रवाचा पाण्यासारखा स्वच्छ थेंब येतो. ते ‘टक्’ पुस्तकात वाचून कळत नाही. आणि थेंब दिसला म्हणजे काम झालं असंही नाही. औषध गेल्यावर दोन-तीन मिनिटांत बीपी धाडकन खाली येतं, बाई म्हणते, “मळमळतंय.” बीपीचा आकडा स्क्रीनवर यायच्या आधी तिच्या चेहऱ्यावरून ते ओळखता आलं पाहिजे. माझ्या मॅडम रात्री दोनलाही टेबलाशेजारी उभ्या असायच्या. सुई माझ्या हातात आणि नजर त्यांची माझ्या बोटांवर. माझा डिप्लोमा म्हणजे खरं तर ती नजर.

आमच्या डिप्लोमाला थिसिस नव्हता, म्हणून एमडीवाले जरा नाक वर करून बघायचे. थिसिसचं महत्त्व मी नाकारत नाही. पण किती थिसिस आधीच्या थिसिसमधून उतरतात हे कॉलेजात वावरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आम्हाला तो वेळ ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात मिळाला. डिप्लोमावाले पुढे प्राध्यापक होऊ शकत नसत, म्हणून असेल कदाचित, पण आमच्यातले बरेच जण तालुक्यांना गेले आणि तिथेच राहिले. मग २०१९ च्या सुमारास मेडिकल कॉलेजांतल्या डिप्लोमाच्या जागा डिग्रीत बदलायला सुरुवात झाली. डिग्रीच्या जागा वाढल्या, कागदावर फार चांगलं दिसलं. तालुक्याला भूलतज्ज्ञ कोण देणार हा प्रश्न तिथेच राहिला. वर्षभरातच, २०२० मध्ये, राष्ट्रीय परीक्षा मंडळाला दोन वर्षांचे डिप्लोमे नव्याने सुरू करावे लागले, तेही जिल्हा रुग्णालयांसारख्या ठिकाणी. म्हणजे पुढच्या दाराने घालवलं ते मागच्या दाराने आत घेतलं.

त्याच्याही आधी सरकारनेच आणखी एक गोष्ट केली होती. खेड्यात भूलतज्ज्ञ नाही म्हणून सीझर होत नाही आणि बायका मरतात. म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं भुलीचं प्रशिक्षण द्यायची योजना आणली. तेव्हा आमच्याच संघटनांमध्ये किती आरडाओरडा झाला होता! त्यातून तयार झालेले काही डॉक्टर मी पाहिलेत. ज्यांना परत जाऊन केसेस मिळाल्या त्यांचा हात उत्तम बसला. ज्यांच्या रुग्णालयात सर्जनच नव्हता त्यांचं सर्टिफिकेट फाईलला लागलं आणि हात होता तिथेच राहिला. कागद दोघांचा एकच.

आता म्हणाल, मग कागद हवा कशाला? हवा. आणि इथे माझं ‘अनुभव हाच गुरू’ म्हणणाऱ्यांशी भांडण आहे. लहान नर्सिंग होममध्ये वर्षानुवर्षं काम केलेले ओटी असिस्टंट तुम्हीही पाहिले असतील. एखाद्याचा हात माझ्यापेक्षा सफाईदार चालतो, खोटं कशाला बोलू. पण कमरेत दिलेली भूल छातीपर्यंत वर चढली, बाईचा आवाज खोल गेला, “हाताला मुंग्या येतायत, श्वास लागतोय” असं ती पुटपुटली आणि नाडी मंदावली, की पुढच्या मिनिटाला काय आणि का करायचं हे शिकावं लागतं, कुणीतरी शिकवावं लागतं. नुसत्या वर्षांनी ते येत नाही. सरळ गेलेल्या हजार केसेस माणसाला फक्त निर्धास्त करतात.

कायद्यालाही कागदाशिवाय गत्यंतर नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईचं एक प्रकरण आलं होतं. होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली होती आणि पेशंट दगावला होता. ज्या शास्त्राचं शिक्षणच घेतलेलं नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयाने सांगितलं. बरोबरच आहे. बेशुद्ध पडलेल्या माणसाने माझा हात कसा पारखायचा? त्याच्या वतीने कुणीतरी तो आधीच पारखलाय एवढंच त्या कागदाने सांगायचं असतं.

खरा राग येतो तो कागद हे खोटं सांगतो तेव्हा. तपासणीच्या दिवशी खाटांवर आणून झोपवलेले पेशंट, फक्त रजिस्टरात असलेले प्राध्यापक. या गप्पा आम्ही कॅन्टीनमध्ये हसत हसत मारायचो. २०२५ मध्ये सीबीआयने अशाच प्रकारांवर गुन्हा दाखल केला आणि हसू मावळलं. आता प्राध्यापकांची हजेरी आधारला जोडून चेहरा दाखवून लागते. चेहरा हजर असेल हो, पण रात्री दोनला टेबलाशेजारी कोण उभं असतं ते ॲपला दिसत नाही. रिकाम्या वॉर्डात तीन वर्षं काढून, लॉगबुकात अंदाजपंचे केसेस भरून मिळालेली एमडी आणि माझ्या मॅडमसारख्यांच्या हाताखाली मिळालेली एमडी, दोन्हींचे फॉन्टही सारखेच असतात.

डिग्रीच्या पोरांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. ते मला मनापासून आवडलं. काही जण तिथेही पाट्या टाकतात, थिसिस टाईप करायला सुट्टी मिळाल्यासारखे वागतात. पण आमच्याकडे आलेली एक मुलगी तीन महिन्यांत असं काही शिकून गेली की जाताना म्हणाली, “मॅडम, इथेच पूर्ण पीजी करता आली असती तर?”

भाच्याला मी सांगितलंय, पर्याय भरण्याआधी दोन्ही ठिकाणी रात्री अकरानंतर जाऊन ये. कॉलेजची इमारत बघू नकोस, लेबर रूमबाहेर किती नातेवाईक बसलेत ते बघ. फर्स्ट इयरच्या रेसिडेंटला चहा पाज आणि विचार, पेशंटच्या श्वासनलिकेत शेवटची नळी कधी टाकलीस आणि तेव्हा शेजारी कोण होतं. उत्तर द्यायला त्याला आठवावं लागलं तर ती सीट भरू नकोस, मग ती एमडीची का असेना.

वहिनीला हे अजिबात पटलेलं नाही. तिला लग्नपत्रिकेवर एम.डी. हवंय.